ते दोन क्यूब गाळू का?

पत्र: आदरणीय मॅडम, मी सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करते, तिसरं वर्ष चालू आहे. साखर कारखान्यातली बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, राख काही प्रमाणात सिमेंटच्या जागी वापरायची, हा माझा विषय. माझ्या गाईड सरांनी दहा वर्षांपूर्वी यावरच एक शोधनिबंध छापला होता. १५ टक्के राखेचं काँक्रीट २८ दिवसांनी साध्या काँक्रीटपेक्षा जास्त ताकद देतं, असं त्यात आहे आणि माझं पुढचं सगळं काम त्याच्यावर उभं आहे. पण आठ महिन्यांत मी चार वेळा मिक्स करून क्यूब (मशीनमध्ये दाबून, फोडून ताकद मोजायचे काँक्रीटचे ठोकळे) ओतले आणि चारही वेळा ताकद कमीच आली. सर म्हणतात, तुझा हात अजून बसलेला नाही. सीनिअर म्हणतो, प्रत्येक वेळचे सगळ्यात कमी आलेले एक-दोन क्यूब गाळ, सरासरी आपोआप वर येईल, सगळे हेच करतात. अर्थशास्त्र शिकणारा माझा मित्र म्हणतो, आमच्याकडेही असंच चालतं. नर्सिंग करणारी बहीण म्हणते, आमच्याकडे असं केलं तर माणसं मरतील. मॅडम, खरंच सगळीकडे असंच चालतं का? सरांनीच मला फेलोशिप मिळवून दिली, माझ्या घरच्यांशी ते बोलले म्हणून मी आज इथे आहे. त्यांचा आकडा चुकीचा म्हणणं म्हणजे कृतघ्नपणा नाही का? रात्र रात्र झोप लागत नाही.
— एक संशोधक विद्यार्थिनी, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर: तुला ‘तू’ म्हणते, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस. आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. ते क्यूब गाळू नकोस. सर चुकले असं अजून कुणाला म्हणूही नकोस, कारण ते तुला माहीत नाही. तुला एवढंच माहीत आहे, की दोन आकडे जुळत नाहीत. सध्या तेवढंच धरून राहा.

माझ्या एम.टेक.च्या वहीत एक खोडलेला आकडा आहे, तो सांगते. तेव्हा आम्ही किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये लिहायचो. तीन क्यूब होते. ३१२, ३०६ आणि तिसरा २४१. तो २४१ मी इतका गिरवून खोडला, की कागद फाटायला आला. मग उरलेल्या दोघांची सरासरी काढून ३०९ लिहिलं. कुणी विचारलं नाही. त्या तिसऱ्या क्यूबच्या एका कडेला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं होती, हे मला आठवतं. पण ते मी वहीत लिहिलं नव्हतं, त्यामुळे आज मीच मला खात्रीने सांगू शकत नाही, की भोकं खरंच होती की मनाला बरं वाटावं म्हणून मला नंतर आठवायला लागली. ‘आयएस ४५६’ या काँक्रीटच्या भारतीय मानकात नियम आहे, तुलाही तो माहीत असेल. तीन क्यूबच्या सरासरीपेक्षा एखादा १५ टक्क्यांहून जास्त इकडे-तिकडे गेला, तर तो नमुनाच बाद. नावडता क्यूब तेवढा हाकलायचा आणि बाकीचे ठेवायचे, अशी सोय त्या नियमात नाही. माझे तिन्ही बाद होते. मी पुन्हा ओतायला हवे होते, आणखी २८ दिवस थांबायला हवं होतं. मला घाई होती.

म्हणून तुझ्या सीनिअरवर मी रागावणार नाही, पण त्याचं ऐकू नकोस.

आता तुझ्या मित्राचं बोलू, कारण त्याच्याच विषयात तुझ्यासारख्या एका विद्यार्थ्याची गोष्ट घडली आहे. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध छापला. सरकारचं कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं, की विकासदर कोसळतो, असं त्यात म्हटलं होतं. युद्धोत्तर काळातल्या वीस प्रगत देशांची त्या गटातली सरासरी उणे ०.१ टक्का. तो मंदीनंतरचा काळ होता. युरोप-अमेरिकेतले राजकारणी सरकारी खर्चाला कात्री लावताना या ९० टक्क्यांचा दाखला देत होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अ‍ॅमहर्स्टला थॉमस हर्नडन नावाचा पीएच.डी.चा विद्यार्थी होता. वर्गात गृहपाठ होता: एखादा छापलेला निबंध घ्या आणि त्यातले आकडे स्वतः काढून दाखवा. त्याने हा घेतला. आकडे येईनात. त्याच्या प्राध्यापकांनाही आधी हेच वाटलं, की पोराचंच काहीतरी चुकतंय. तुझ्या सरांना वाटतं तसंच. त्याने पुन्हा केलं, पुन्हा आलं नाही. मग त्याने सरळ लेखकांनाच पत्र लिहून त्यांची फाईल मागितली. त्यांनी ती पाठवली, हेही लक्षात ठेव. एक्सेलची साधी शीट. सरासरीचं सूत्र ३० ते ४९ या ओळींवर चालायला हवं होतं, ते ४४ व्या ओळीवरच थांबलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क हे पाच देश हिशेबातून गळले होते.

सगळा फरक त्या पाच ओळींचा नव्हता. मोठा वाटा दुसऱ्याच गोष्टींचा होता. काही देशांची काही वर्षं घेतलीच नव्हती, आणि न्यूझीलंडच्या एकट्या १९५१ सालाला, उणे ७.६ टक्क्यांना, ब्रिटनच्या १९ वर्षांच्या सरासरीइतकंच वजन दिलं होतं. हे सगळं सरळ केल्यावर हर्नडन, मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पोलिन यांचा आकडा आला अधिक २.२ टक्के. हे २०१३ साली छापून आलं. मूळ लेखकांनी शीटमधली चूक मान्य केली, बाकीच्या निष्कर्षावर मात्र ते ठाम राहिले, आणि कर्ज आणि विकास यांचं नेमकं नातं काय, हा वाद अर्थशास्त्रात आजही चालू आहे. तेव्हा तुझ्या मित्राला सांग, अर्थशास्त्रात चालतं तसं ते पकडलंही जातं. आणि पकडणारा तिथे कुणी मोठा माणूस नव्हता, गृहपाठ करणारा एक विद्यार्थी होता.

तुझ्या बहिणीचं म्हणणं मात्र मला जास्त जिव्हारी लागलं, कारण ते शब्दशः खरं आहे. १९८० साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर लॉरकेनाइड या औषधाची छोटी चाचणी घेतली. ठोक्यांतली अनियमितता या औषधाने कमी होते, म्हणजे जीव वाचतील, अशी समजूत होती. अनियमितता कमी झालीही. पण औषध घेणाऱ्यांतले ९ जण दगावले, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत एक. डॉक्टरांना वाटलं, हा योगायोग असेल. पुढे धंद्याच्या कारणांनी ते औषधच मागे पडलं आणि निकाल खणात राहिला. तो छापून आला १९९३ साली, तेरा वर्षांनी. मधल्या काळात त्याच जातीची दुसरी औषधं डॉक्टर भरवशाने लिहून देत होते. अमेरिकेत एनकेनाइड आणि फ्लेकेनाइडची मोठी चाचणी झाली. ती १९८९ साली मध्येच थांबवावी लागली: औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ मेले, खोट्या गोळीवरच्या ७४३ पैकी २६. त्या इंग्लंडच्या डॉक्टरांनी १९९३ च्या लेखात स्वतःच लिहून टाकलं, की आमचा निकाल वेळेवर आला असता तर तो पुढच्या संकटाची सूचना ठरला असता. त्यांनी आकडे बदलले नव्हते, कुणाला फसवलं नव्हतं. त्यांनी फक्त न पटणारा आकडा बाजूला ठेवला.

ही गोष्ट मी वर्गात सांगायचे तेव्हा पोरं म्हणायची, मॅडम, आपलं काय, आपलं काँक्रीट आहे. मला ते कधीच पटलं नाही. तुझ्या प्रबंधातलं १५ टक्के कुणीतरी वाचेल. एखादा ठेकेदार, एखादा फरशा पाडणारा कारखानदार, ज्याला राख फुकट मिळते आणि सिमेंटची गोणी महाग पडते. तो निबंधातलं बारीक अक्षर वाचणार नाही, तक्त्यातला आकडा घेईल.

बरं, आता तुझ्या राखेकडे येऊ.

सर म्हणतात तुझा हात बसलेला नाही. हे तपासता येतं, आणि तेच पहिलं तपास. प्रत्येक वेळी तू राखेशिवायचे साधे क्यूबही ओतले असशीलच. ते डिझाइनप्रमाणे आले का? एकमेकांच्या जवळ आले का? साधे क्यूब नीट येत असतील आणि राखेचेच कमी येत असतील, तर दोष हाताचा नाही, कारण हात दोन्हीकडे तोच आहे. पण साधे क्यूबही वर-खाली होत असतील, तर सर बरोबर आहेत आणि तुला मिक्सिंग, ठासणी, टाकीचं तापमान इथून सुरुवात करावी लागेल. क्यूब मशीनमध्ये आडवा करून ठेवतेस ना, ओतलेला पृष्ठभाग बाजूला येईल असा? भार मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या वेगाने चढतो का, की मशीनवर बसणारा जेवणाच्या सुट्टीआधी घाईने दाबतो? मशीनचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, ते त्याच्या पाटीवर बघ. आणि मशीन चालवणाऱ्याला कुठला आकडा यायला हवा हे सांगू नकोस.

हे सगळं नीट असेल, तर मला संशय राखेवरच आहे. ‘बगॅसची राख’ हे एका वस्तूचं नाव नाही. दहा वर्षांपूर्वी सरांनी ज्या कारखान्यातून ती आणली, तिथे बहुधा जुना कमी दाबाचा बॉयलर असेल. आज अनेक कारखान्यांत वीजनिर्मितीचे मोठे, जास्त दाबाचे बॉयलर आले आहेत. भट्टी बदलली की राखेची जात बदलते. फार तापली तर तिच्यातली सिलिका (सिमेंटमधल्या चुन्याशी जुळून ताकद देते ती हीच) स्फटिकासारखी घट्ट होऊन बसते आणि चुन्याशी संयोग करायला नाखूश होते. पुरती जळली नाही तर न जळालेला कार्बन राहतो, तो पाणी पितो आणि ताकद खातो. थोडी राख वाळवून, वजन करून भट्टीत तापव आणि पुन्हा वजन कर. काळी राख करडी झाली आणि वजन बरंच उतरलं, तर तुझं अर्धं उत्तर त्या मुशीतच आहे. दुसरं म्हणजे ओल. धूर धुणारी पाण्याची यंत्रणा असते तिथली राख ओली बाहेर पडते आणि उघड्यावर ढीग लागतो. ती नीट न वाळवता तोललीस, तर मिक्समध्ये तू मोजल्यापेक्षा जास्त पाणी चाललं आहे आणि राख कमी. तिसरं, उसाबरोबर शेतातली माती-वाळू येते. ती राखेत क्वार्ट्झ म्हणून दिसते, पण सिमेंटचं काम काही करत नाही.

आणि बारीकपणा. निबंधात ‘चाळून घेतली’ एवढंच लिहिलेलं असेल, पण चाळण्याआधी बॉल मिलमध्ये दळली होती का, किती तास? अशा गोष्टी छापील ओळीत नेहमी येत नाहीत. हे सरांनाही आज आठवणार नाही कदाचित. लॅबमधल्या मामांना विचार. तेव्हापासूनचे कुणी मामा अजून असतील, तर त्यांना नक्की आठवेल की गोणी कुठून आली आणि मिल किती दिवस खडखडत होती. मी माझ्या लॅबमध्ये असले अर्धे घोळ मामांना विचारून सोडवले आहेत, आणि त्यांची नावं कुठल्याही निबंधात आली नाहीत याचं मला अजून वाईट वाटतं.

आणखी एक. राख उशिरा कामाला लागते. सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी तिचा संयोग सावकाश होतो. २८ दिवसांना मागे पडलेली ५६ किंवा ९० दिवसांना गाठू शकते. तेवढे क्यूब टाकीत ठेवले नसशील तर आता ठेव.

हे झालं की सरांकडे जा. आधी नाही. लॅबमध्ये चारचौघांसमोर बोलू नकोस, त्यांच्या केबिनमध्ये वेळ मागून जा. चारही वेळचे सगळे क्यूब, एकही न गाळता, एका कागदावर छापून ने. साध्या काँक्रीटचे आकडे शेजारी. आणि म्हण, “सर, तुमचे आकडे मला परत मिळत नाहीयेत. नेमका फरक कुठे पडतो ते मला शोधायचं आहे. तुमची तेव्हाची वही किंवा एक्सेल फाईल बघायला मिळेल का? आणि एक मिक्स तुम्ही माझ्या शेजारी उभे राहून करून घ्याल का?” यातलं दुसरं वाक्य मनापासून म्हण. कारण ते खरं आहे: राख बदलली म्हणून आकडा बदलला असेल, तर सरही बरोबर आणि तूही बरोबर, आणि मग तुझ्या हातात एक नवाच प्रबंध आहे. कुठली राख चालते आणि कुठली नाही, हे ठरवायचं कसं? महाराष्ट्रात दर हंगामात जेवढी राख पडते, ते पाहता त्या ‘१५ टक्क्यां’पेक्षा मला हा प्रश्न कितीतरी जास्त कामाचा वाटतो.

मोठमोठ्या लोकांना हे बोलणं जमलं आहे. २०११ साली ‘ऑपेरा’ या प्रयोगातल्या भौतिकशास्त्रज्ञांना असं दिसलं, की जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण ७३० किलोमीटरवर, इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत, प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. आइन्स्टाइन खोटा पडला, असे मथळे आले. त्यांनी स्वतः मात्र तसं म्हटलं नव्हतं. त्यांनी कित्येक महिने तपासून आकडा जगापुढे ठेवला आणि म्हटलं, आम्हाला चूक सापडत नाही, तुम्हीही शोधा. पुढच्या वर्षी ती सापडली: वेळ मोजणाऱ्या यंत्रणेतली एक ऑप्टिकल फायबरची केबल नीट बसलेली नव्हती. त्यांच्यावर टीका झाली, प्रयोगाच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. मला तरीही त्या माणसांबद्दल आदर आहे. सैल केबलची लाज आकडा लपवण्याच्या लाजेपेक्षा फार लहान आहे.

सर ऐकतीलच, याची हमी मी देऊ शकत नाही. तुझ्या पत्रातून ते मला भले माणूस वाटतात. घरच्यांशी बोलायला येणारे गाईड सगळ्यांना मिळत नाहीत. पण भल्या माणसालाही स्वतःचा जुना निबंध दुखतो. चिडले तर त्या दिवशी वाद घालू नकोस. घरी येऊन एक साधा, नम्र ईमेल कर: आज हे आकडे दाखवले, पुढे अमुक तपासणार आहे. आरोप नको, फक्त नोंद. सहा महिन्यांनी प्रगती अहवालाला समितीसमोर जाशील तेव्हा तेच आकडे जसेच्या तसे दाखव. आणि सरांनी उघडच सांगितलं, की क्यूब गाळ, तर समितीतल्या ज्यांच्यावर तुझा भरवसा आहे त्यांच्याकडे एकटीने जाऊन बोल. याची किंमत पडू शकते. एखादं वर्ष जाईल, फेलोशिपची मुदत अंगावर येईल, शिफारसपत्र कोरडं मिळेल. हे मी लपवणार नाही, कारण माझ्या एका विद्यार्थिनीला ती किंमत पडलेली मी पाहिली आहे. दुसऱ्या गाईडकडे जाऊन तिने दोन वर्षं उशिरा प्रबंध दिला. आज ती शिकवते आणि तिच्या लॅबमध्ये वहीतलं पान फाडायला बंदी आहे.

कृतघ्नपणाचं म्हणशील तर, तुझ्या प्रबंधावर तुझ्या नावाखाली सरांचंही नाव असणार. गाळलेल्या क्यूबांवर उभा केलेला तो प्रबंध पाच वर्षांनी सोलापूरच्या किंवा कोईमतूरच्या कुणा पोरीने करून पाहिला आणि तिलाही आकडे आले नाहीत, तर कुणाचं नाव जाईल? आज केबिनचं दार लावून तू त्यांना जे सांगशील, ते तेव्हा ती सगळ्यांसमोर सांगेल. ज्यांनी तुझ्या आई-वडिलांची समजूत घातली, त्यांना ही वेळ तू आणू नयेस असं मला वाटतं.

वही पेनने लिही. आकडा चुकला तर एकच रेघ मार, खालचा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिही: कडेला भोकं, तिरका तुटला, टाकीतून उशिरा काढला, जे असेल ते. क्यूब फोडायच्या आधी त्याच्या सहाही बाजूंचे फोनवर फोटो काढून ठेव. आणि ५६ दिवसांचे क्यूब ओतलेस, की फोडायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव. रविवार आला तरी लॅबची किल्ली आदल्या दिवशीच मागून ठेव. जो आकडा येईल तो मला कळव, कमी आला तरी.